कन्नडचा घाट, अर्ध्या क्लचवर

अजिंठ्याला जाऊन आलो म्हटलं की लोक लेण्यांबद्दल विचारतात. कुठलं चित्र आवडलं, गर्दी होती का, पायऱ्या झेपल्या का. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेतो. खरं सांगायचं तर त्या लेण्यांत मी होतो आणि नव्हतोही. त्या वेळी खाली फर्दापूरला रस्त्याच्या कडेला माझ्या मुलीची नवीकोरी गाडी बंद पडून उभी होती आणि ती कुणामुळे बंद पडली, हे तोवर फक्त मला माहीत होतं. दुसऱ्याच एका माणसावर त्याचा ठपका येत होता. ज्यांना लेण्यांची नीट माहिती हवी असेल त्यांनी दुसरं काही वाचावं. माझ्या या पाच-सहा दिवसांत लेणी कमी आहेत आणि क्लच जास्त.

मुक्ता माझी एकुलती एक. वय तीस, पुण्यात नोकरी. तिची आई जाऊन चार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात तिनं ही गाडी घेतली. दोन दारं, दोन सीटा, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, रंग गर्द हिरवा. तीही गिअरची. हल्ली जो तो आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतो. शोरूममधल्या माणसानंही तिला तेच सुचवलं, तर ती म्हणाली की आपोआपच जायचं असेल तर मी रिक्षानं जाईन. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मी वरवर नाही म्हणालो, पण मनातून खूश होतो. गाडीचं वेड तिला माझ्याकडूनच लागलं आहे. पाटबंधारे खात्यात असताना सरकारी ड्रायव्हरला शेजारी बसवून जीप स्वतः चालवणारा इंजिनियर, अशी माझी ख्याती होती.

ही गाडी ती कुणाला चालवायला देत नाही. मलाही दिली नव्हती. मी निवृत्त झालो तेव्हा तिनं विचारलं, काय हवं? मी म्हटलं, एकदा तुझ्या गाडीतून माझं गाव कन्नड आणि तिथला घाट दाखवतो तुला. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "चला. आणि तुमचा घाट तुम्ही चालवा." मला जितका आनंद झाला तितका तिच्यासमोर दाखवला नाही.

शहर

सकाळी पुणं सोडलं आणि दुपारी संभाजीनगर गाठलं. वाटेत सांगण्यासारखं काही नाही, गतिरोधक सोडले तर. आमच्याकडचे गतिरोधक कुणी कशासाठी घातले देव जाणे, पण ही गाडी त्यांच्यासाठी बनलेली नाही. मुक्ता प्रत्येक उंचवट्यावर गाडी तिरकी घ्यायची, तरी पोट घासायचंच. शेवटी एका गावात मी खाली उतरलो. माझं वजन कमी झाल्यावर गाडी अलगद पार झाली. पारावर बसलेल्या मंडळींनी ते पाहिलं. त्यातले एक आजोबा मला म्हणाले, "पाव्हनं, माणूस गाडीसाठी हाय का गाडी माणसासाठी?" मी हसून परत आत शिरलो. त्या गाडीत बसणं म्हणजे शिरणंच असतं.

जेवायला नान-खलिया. बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगतो, हा या शहराचा पदार्थ. वर पिवळसर चकाकी असलेला मऊ, जाड नान आणि मोठ्या हंड्यात शिजलेला मटणाचा रस्सा. पुण्यात आपण रस्सा वाटीत घेऊन बेतानं खातो. इथं नान फाडून रश्श्यात बुडवायचा आणि हात कोपरापर्यंत गेला तरी मागं घ्यायचा नाही. मुक्तानं दुसरा नान मागवला तेव्हा वाढणाऱ्यानं कौतुकानं माझ्याकडं पाहिलं, जणू तिला खायलाही मीच शिकवलं होतं.

गाडीच्या क्लचचं पेडल दाबताना बारीक कुईकुई आवाज यायचा. पुण्यात नंबर लवकर लागत नव्हता, म्हणून तिनं इथल्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेऊन ठेवली होती. तिथं आम्हाला कदीरभाई भेटले. पंचेचाळिशीचे, पांढरी होत आलेली दाढी, बोटांच्या पेरांत मुरलेलं काळं. त्यांनी पेडल हातानं तीन-चारदा दाबून पाहिलं, तेही डोळे मिटून. मग क्लचचं तेल बदललं, नळीतली हवा काढली, पेडलच्या बिजागरीला ग्रीस लावलं. हात चालू असताना तोंडही चालू होतं. वीस वर्षं त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं. आता इथं नोकरीला लागून सहा महिने होत आले, महिनाअखेरीला कायम करतो असं सुपरवायझर म्हणालेत. "या वयात दुसऱ्याच्या हाताखाली शिकायला लागलो साहेब," ते म्हणाले. "पण गाड्या बढिया येतात हितं. दिल खूश होतो."

मुक्ता फोनवर बोलत बाहेर उभी होती. कदीरभाई मला शेजारी बसवून गाडीची एक चक्कर मारून आले. उड्डाणपुलावर चढवली, मुद्दाम थांबवली, पुन्हा उचलली. गाडी लोण्यासारखी चालत होती. आवाज गेला होता.

वेरूळ ते कन्नड

वेरूळचं कैलास लेणं मी लहानपणापासून पाहत आलो आहे, मुक्तानं पहिल्यांदा पाहिलं. डोंगर वरून खाली कोरत आणलाय हे तिला कळलं तेव्हा ती बराच वेळ मान वर करून उभी होती. मग तिनं विचारलं, एखाद्याचा घाव चुकला असेल तर त्यानं काय केलं असेल? मी म्हटलं, वरिष्ठाला सांगितलं असेल. आता ते आठवलं की स्वतःचंच हसू येतं.

कन्नडच्या पुढं चाळीसगावकडं उतरणारा घाट आहे. तो माझा घाट. उतरताना मुक्तानं चालवली. पायथ्याशी गाडी वळवली, खाली उतरली, फिरून माझ्या बाजूला आली आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली.

या घाटाबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या लहानपणी इथं काळ्यापिवळ्या जीपा चालायच्या आणि त्यातली एक माझा मामा चालवायचा. पुढं ड्रायव्हर धरून पाच माणसं. एक ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, अर्धा बाहेर लोंबकळत, आणि एक बरोबर हँडब्रेकवर मांड ठोकून. त्यामुळे हँडब्रेक ओढायचा प्रश्नच यायचा नाही. बऱ्याच जीपांचा तो तुटलेलाच असे. मग चढावर गाडी थांबली की ती धरायची कशी? अर्ध्या क्लचवर. डावा पाय असा अधांतरी ठेवायचा की गाडी पुढंही जाणार नाही आणि मागंही येणार नाही. आमच्याकडं ड्रायव्हर चांगला की वाईट हे त्यावरून ठरायचं. मामाची तारीफ करायची झाली तर लोक म्हणत, चढावर अशी धरतो की हलत नाय. मला सोळाव्या वर्षी त्यानं गिअर नंतर शिकवले, आधी हे शिकवलं. क्लचप्लेट जळायच्याच, पण जीपची प्लेट म्हणजे लिंबाखाली गाडी लावून दुपारभरात बदलायची वस्तू. त्यात कुणाला काही वाटत नसे.

मुक्ताच्या गाडीत हँडब्रेकचा दांडा नाही, एक बोटाएवढं बटण आहे. तिनं मला ते दाखवलं होतं, नीट समजावून सांगितलं होतं. मीही मान हलवली होती.

निम्मा घाट चढलो आणि रांग लागली. वर कुठंतरी कापसाचा टेम्पो कलंडला होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, गाड्या एकेक हात पुढं सरकत होत्या. मुक्ता कंटाळली. वरच्या वळणावर चहाची टपरी दिसत होती. ती म्हणाली, मी पायी जाते, दरीचे फोटो काढते, तुम्ही या हळूहळू. ती गेली आणि गाडीत मी एकटा उरलो.

पुढचा पाऊण तास मी ती गाडी अर्ध्या क्लचवर धरली. बटणाकडं हातसुद्धा नेला नाही. मागच्या जीपवाल्यानं खाली उतरून गाडीभोवती फेरी मारली, आत डोकावला आणि म्हणाला, "काका, लई भारी धरली की. आजकालच्या पोरास्नी जमत नाय." त्या एका वाक्यानं मी फुगलो. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, आपल्या घाटात, आपल्या माणसाकडून शाबासकी. मग तर पाय आणखीच घट्ट रोवून बसलो.

वास येऊ लागला तो त्यानंतर. जळक्या कापडासारखा, थोडा गोडसर. हा वास मला अनोळखी नाही. मी काच खाली केली आणि पाय तसाच ठेवला, कारण तोवर रांग सुटायला लागली होती.

टपरीपाशी मुक्ता आत शिरली आणि नाक वर करून म्हणाली, "कसला वास येतोय?"

"समोरच्या ट्रकचा," मी म्हणालो.

हे वाक्य तोंडातून किती सहज गेलं! मला थोडंफार तसं वाटलंही होतं, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली. पण ते खरं नाही. मला माहीत होतं.

मुक्काम कन्नडला, चुलतभावाकडं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. सगळी गल्ली गाडी पाहायला आली. वहिनीनं आत डोकावून विचारलं, "लगीन झाल्यावर लेकरं कुठं बसवशील गं हिच्यात?" मुक्ता म्हणाली, लेकरं चालवतील, मी शेजारी बसेन. सगळे हसले. चुलतभाऊ मला म्हणाला, "पोरीनं तुला चालवाया दिली? मग जिंकलास." जेवताना मुक्ता सगळ्यांना सांगत होती की बाबांनी केवढ्या गर्दीत गाडी वर आणली, मागचे लोक बघत होते. मी भाकरी मोडत खाली बघत होतो.

फर्दापूर

सकाळी पिशोरवरून सिल्लोडला निघालो. दोन्ही बाजूंना मका, कापसाची शेवटची वेचणी, मध्येच ऊस. मुक्ता चालवत होती. सिल्लोडच्या पुढं तिनं एका ट्रॅक्टरला ओलांडायला गाडी दाबली, तर इंजिन ओरडलं आणि गाडी होती तिथंच. "बाबा, नुसता आवाज होतोय. गाडी पळत नाहीये." तिनं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. अजिंठ्याचा घाट उताराचा आहे म्हणून आम्ही खाली पोचलो. फर्दापूरला सपाटी लागली आणि गाडी सरपटत सरपटत एका हॉटेलसमोर थांबली ती थांबलीच. गिअर पडत होते, इंजिन चालू होतं, चाकं मात्र हलायला तयार नव्हती.

मुक्ता रडणाऱ्यातली नाही. तिनं डिकीतून लाल त्रिकोण काढून मागं ठेवला आणि वर्कशॉपला फोन लावला. काल सकाळी तुमच्या माणसानं क्लचला हात लावला आणि आज क्लच संपला, एवढं साधं गणित तिच्यासमोर होतं. पलीकडचा सुपरवायझर काहीतरी म्हणाला असावा, कारण तिचा आवाज चढला. "गाडी माझ्याशिवाय फक्त माझ्या बाबांनी चालवली आहे. चाळीस वर्षं घाटात गाडी चालवतात ते. त्यांच्याकडून असलं काही होणं शक्यच नाही."

मी शेजारी उभा होतो. त्या क्षणी बोलायला हवं होतं. बोललो नाही. सुपरवायझरनं सांगितलं की गाडी न्यायला क्रेन पाठवतो, सोबत त्याच माणसाला पाठवतो, तीन तास लागतील.

हॉटेलवाल्यानं गाडीवर लक्ष ठेवायचं कबूल केलं आणि म्हणाला, बसून काय करता, लेणी बघून या. इथं खासगी गाड्या खालीच ठेवायच्या आणि लेण्यांपर्यंत बसनं जायचं, अशी पद्धत आहे. तेव्हा गाडी चालू असती तरी बसनंच जावं लागलं असतं, असं मी मुक्ताला सांगून पाहिलं. ती हसली नाही.

लेण्यांत अंधार थंडगार असतो. डोळे सरावेपर्यंत भिंत नुसती तपकिरी दिसते, मग हळूहळू त्यातून एखादा हात वर येतो, एखादी मान कलते. आमच्यापुढं शहरातलं एक बौद्ध कुटुंब होतं. वडील लेकींना हळू आवाजात एकेक चित्र समजावत होते. आतल्या मूर्तीसमोर त्या सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि काही वेळ कुणी हललं नाही. मुक्तानंही हात जोडले. मी जोडायला गेलो आणि जोडवेनात. देवाधर्माचं मला फारसं काही नाही, पण त्या लोकांच्या मागं उभं राहून खोटे हात जोडणं जमेना. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. समोर नदीचं कोरडं पात्र घोड्याच्या नालासारखं वळलेलं आणि माझ्या डोक्यात एकच, की क्रेन आता कुठवर आली असेल.

कदीरभाई आले. मुक्तानं त्यांना पाण्याचंही विचारलं नाही. काल सकाळी तुम्ही नेमकं काय केलं, तेल कुठलं घातलं, हवा नीट काढली होती का, काढली होती तर हे कसं झालं, खरं का सांगत नाही. खोटारडा हा शब्दही ती एकदा बोलली. ते प्रत्येक प्रश्नाला थोडक्यात उत्तर देत राहिले. मी हॉटेलच्या बाकड्यावर बसून चहा पीत होतो. तो चहा थंड झाला तरी मी पीतच होतो.

गाडी क्रेनवर चढवताना त्यांनी मला आत बसायला सांगितलं, क्लच दाबा म्हणाले. काम झालं, तरी ते दारापाशी वाकून उभे होते. माझ्या पायाकडं बघत होते. गाडी बंद होती आणि माझा डावा पाय अजून पेडलवरच होता.

"घाटात कुठं थांबला होता का साहेब?" त्यांनी हळूच विचारलं.

"थोडा वेळ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि साखळी आवळायला गेले.

परतीचे शंभर किलोमीटर आम्ही क्रेनच्या केबिनमध्ये चार माणसं दाटीवाटीनं बसलो. खिडकीची जागा कदीरभाईंनी मुक्ताला दिली. सिल्लोडच्या अलीकडं त्यांनी क्रेन थांबवून रस्त्यावरच्या बाईकडून बोरं घेतली आणि कागद आमच्यापुढं धरला. मुक्ता नको म्हणाली. मी घेतली. गोड होती.

पुन्हा शहर

दुसऱ्या दिवशी अकराला आम्हाला बोलावलं होतं. गिअरबॉक्स खाली उतरवून ठेवला होता आणि टेबलावर वर्तमानपत्रावर क्लचप्लेट. तिच्यावरचा थर पार झिजलेला, कडा काळ्या, शेजारच्या लोखंडी तबकडीवर निळी-जांभळी झाक. जास्त तापलं की लोखंड असं निळं पडतं, हे मुक्तालाही कळत होतं. तेल कमी असेल, हवा राहिली असेल, पेडल पूर्ण सुटत नसेल, म्हणून तापलं, असं तिचं म्हणणं. आणि ते अशक्य नव्हतं.

सुपरवायझर तिशीतला, मऊ बोलणारा माणूस होता. शोरूम शहरात नवीन आहे, गिऱ्हाइकानं नाव खराब करणं त्याला परवडणारं नव्हतं. तो मुक्ताला म्हणाला, आमची चूक आम्ही मान्य करतो, क्लच वॉरंटीत बसवून देतो. मग त्यानं एक छापील कागद काढून कदीरभाईंसमोर ठेवला. काम झाल्यावर मी गाडीची चाचणी घेतली नाही, असा त्याचा मजकूर होता. सुपरवायझरनं तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. त्या सहीनंतर महिनाअखेरीचं काय होणार, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

मी कदीरभाईंच्या शेजारी बसून त्या उड्डाणपुलावर गेलो होतो. मला वाटलं, आता ते माझ्याकडं बघतील, म्हणतील, साहेबांना विचारा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. कापडाला हात पुसले आणि पेन उचललं.

खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात कदीरभाई दुसरे होते. पहिली मुक्ता होती. आता ही माझ्याकडं कशी बघेल, एवढंच.

"थांबा," मी म्हणालो. "ती प्लेट मी जाळली."

मग सगळं सांगितलं. टेम्पो, रांग, बटण, पाऊण तास, वास. चाचणी झाली होती आणि मी सोबत होतो, हेही सांगितलं. ट्रकचा वास म्हणालो ते खोटं होतं, हे मुक्ताकडं बघून सांगायचं ठरवलं होतं, पण प्रत्यक्षात त्या वर्तमानपत्राकडं बघून सांगितलं. सुपरवायझरनं कागद परत ओढून घेतला. मग वॉरंटी लागू होणार नाही, एवढंच तो म्हणाला आणि मी म्हटलं की बरोबर आहे. जे बोललो ते मी त्याला लिहूनही दिलं, खाली सही केली.

मुक्ता उठली. मला वाटलं ती बाहेर जाईल. ती कदीरभाईंसमोर गेली आणि हात जोडून म्हणाली, "मी तुम्हाला जे बोलले ते फार वाईट होतं. मला माफ करा." ते इतके अवघडले की त्यांना हात कुठं ठेवावेत कळेना. "नक्को बेटा, ऐसा नक्को," एवढंच म्हणत राहिले. ती मग बाहेर गेली, माझ्याजवळून, न थांबता.

मी कदीरभाईंच्या मागं नळापाशी गेलो. ते साबणानं हात धूत होते. विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"फर्दापुरातच. तुमचा पाय बघितला ना साहेब. जुन्या जीपवाल्यांचा पाय असाच असतो, गाडी बंद झाली तरी उतरत नाय."

मग बोलला का नाहीत? सही करायला निघाला होतात.

त्यांनी नळ बंद केला. "बेटी बाप के वास्ते इत्ता लड रई थी," ते म्हणाले. "उसके सामने मैं क्या बोलता? मेरेकू भी बेटी है."

आयुष्यात बऱ्याच लोकांनी माझी लाज राखली असेल, पण ती राखताना स्वतःची नोकरी पुढं करणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. मी त्यांचा ओला हात हातात घेतला.

नवी प्लेट यायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मुक्ता माझ्याशी गरजेपुरतं बोलली. चहा घेणार का, औषध घेतलं का. आम्ही मकबरा पाहिला, पाणचक्की पाहिली. पाणचक्कीच्या वडाखाली लोक हौदातले मासे बघत निवांत बसले होते आणि आम्ही दोघं दोन वेगळ्या कट्ट्यांवर. मला कळत होतं की गाडीचा राग असता तर ती भांडली असती. भांडणं तिला चांगलं येतं.

गाडी मिळाली. कदीरभाईंनी चावी मुक्ताच्या हातात दिली आणि पहिले काही दिवस जपून चालवायला सांगितलं. त्यांची नोकरी कायम झाल्याचं पुढं महिनाअखेरीला त्यांनीच फोनवर कळवलं.

परतताना मुक्ता चालवत होती. नेवासा फाट्यापाशी ती उसाच्या रसासाठी थांबली. गुऱ्हाळाच्या बाकड्यावर आम्ही समोरासमोर बसलो. पेले येईपर्यंत ती रस्त्याकडं बघत होती. मग म्हणाली, "प्लेट कुणाचीही जळते बाबा. माझीही जळेल कधीतरी. पण मी त्या माणसाला खोटारडा म्हणत होते आणि तुम्ही चहा पीत होतात."

मी म्हणालो की हो, पीत होतो.

"का?"

दोन दिवस मी या प्रश्नाची उत्तरं तयार करत होतो. लाज वाटली, तोंड उघडेना, वेळ निघून गेली. त्यातलं एकही सांगावंसं वाटेना. म्हणालो, "मला वाटलं, हे कळलं तर तू मला परत कुठं नेणार नाहीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. तिनं ते पुसलं नाही, तसंच राहू दिलं.

"मी गाडीसाठी भांडत नव्हते," ती म्हणाली. "माझ्या बाबांचं चुकणारच नाही, असं मला खरंच वाटत होतं. आई गेल्यापासून तेवढं एक माझ्याकडं होतं."

रस आला होता. दोघांपैकी कुणीच पेल्याला हात लावला नाही. मी विचारलं, "आणि आता?"

"आता चुकतं हे कळलंय," ती म्हणाली. "मला थोडे दिवस लागतील, बाबा. तुम्ही सोबत राहा."